हातात दोन, कर तीन

माझी सगळी नोकरी अबकारी खात्याच्या चेकनाक्यावर गेली. सिल्वासाहून गुजरातेत जाणाऱ्या रस्त्यावर एक आडवा बांबू, एक टेबल, एक खडखडणारा पंखा आणि मी. दारूची बाटली इकडून तिकडे जाऊ द्यायची नाही, एवढंच काम. कारण तिकडे दारूबंदी आणि इकडे दर दोनशे पावलांवर दुकान. लोक बाटल्या कुठं कुठं लपवायचे ते सांगत नाही, तुमची जेवायची वेळ असेल. पण रेघेच्या एका बाजूला जो गुन्हा असतो तोच दुसऱ्या बाजूला किराणा असतो, हे ज्ञान मला चारचौघांपेक्षा लवकर मिळालं, तेही पगार घेऊन.

तसे इथले सगळेच त्या रेघेच्या आधारानं जगतात. मी मूळचा रत्नागिरीकडचा. इथं आलो तेव्हा करात सूट होती म्हणून कारखाने धडाधड उभे राहत होते. धाग्याचे, प्लास्टिकचे, औषधांचे. नंदुरबार-धुळ्याकडची पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. दादऱ्याच्या बागेत फिरायला जायचं तरी मध्ये गुजरातचा तुकडा लागतो, पंधरा मिनिटांत दोनदा सरकार बदलतं. पेट्रोल इकडे स्वस्त, म्हणून गावाला निघायच्या आदल्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत भरायची. काही वस्तू वापीला स्वस्त, त्या तिकडून आणायच्या. आमची मुलगी, एकुलती एक, पाच वर्षांची असताना पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायची, ‘पेट्रोल इकडे, डाळ तिकडे.’ दुसऱ्यांची मुलं कविता म्हणायची. मला मात्र कोण कौतुक! बायको इथल्या शाळेत गणित शिकवते. ती म्हणायची, अहो, पोरीला बाराखडी तरी येऊ द्या आधी.

ही मुलगी पुढं पुण्याला गेली आणि संगणकाच्या कंपनीत लागली. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात कोंडलेले असताना कोणी भाकरी थापायला शिकलं, कोणी गिटार शिकलं. आमच्या कन्येनं क्रिप्टो घेतलं. आम्हाला बोलली नाही. बोलली ती एकदम गेल्या वर्षी, एका रविवारी फोनवर, आणि एकाच दमात दोन गोष्टी बोलली.

पहिली गोष्ट कॉइनची. तिनं दोन प्रकारची कॉइन घेतली होती. एक चढलं, दुसरं बुडालं. मी म्हटलं, असू दे, शेतात पण एक वाफा जातो, एक येतो, शिल्लक राहील त्यावर कर भर आणि मोकळी हो. तर म्हणाली, तिथंच तर घोडं पेंड खातंय. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ तीस टक्के कर. आणि एका कॉइनमध्ये बुडालेलं दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. मला कळेना, तेव्हा तिनं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. समजा एकात दहा रुपये मिळाले, दुसऱ्यात आठ गेले. हातात राहिले दोन. पण कर दहावर, म्हणजे तीन.

‘हातात दोन आणि कर तीन,’ ती म्हणाली. ‘नफ्यात सरकार भागीदार आणि तोट्यात मी एकटी.’

बायकोनं फोन माझ्या हातातून घेऊन तेच गणित दोनदा करून घेतलं. उत्तर बरोबर आहे, पण उदाहरण चुकीचं वाटतंय, असं तिचं मत पडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे दुबई. तिच्या कंपनीचं तिथं ऑफिस निघत होतं आणि हिला विचारलं होतं. महिन्याभरात कळवायचं होतं. तिकडे माणसाच्या कमाईवर कर नाही, क्रिप्टोच्या नफ्यावरही नाही, असं ती म्हणाली. आणि मग हसत म्हणाली, ‘बाबा, तुम्हीच शिकवलंय. पेट्रोल इकडे, डाळ तिकडे.’

मी पण हसलो. फोन ठेवल्यावर मात्र अंतर मोजायला लागलो. पुणं म्हणजे काय, सकाळी निघाली की संध्याकाळी घरी. दुबई म्हणजे वर्षातून एकदा, दोन बॅगा आणि खजुराचा डबा. मला ती जायला नको होती. हे मी आता इतक्या सरळ लिहितोय, पण तेव्हा माझ्या तोंडातून ते निघेना. जी मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे तिला बाप कोणत्या तोंडानं सांगणार, की जाऊ नको, मला करमणार नाही? आमच्या घरात तसं बोलायची रीत नाही. आमच्याकडे प्रेम म्हणजे एसटीत बसवताना चार वेळा विचारायचं, पाण्याची बाटली घेतलीस का.

म्हणून मी तिचं कारणच मोडून काढायचं ठरवलं. जाणार कशासाठी? कर वाचवायला. मग कर मी इथंच वाचवून देतो.

आता जे सांगतो ते फक्त आमच्या गावचा माणूसच करू जाणे. मी तिला दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि म्हटलं, दुबईला कशाला जातेस काखेत कळसा असताना? सिल्वासा केंद्रशासित आहे. इथं करात कायमच सूट असते, माझं आयुष्य गेलंय त्यात. आधार कार्डावर इथला पत्ता घाल, आठ दिवस घरी ये, इथं बसून मोबाईलवर तुझी कॉइन विक आणि जा परत. मी हे किलवणी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर सुद्धा मोठ्या आवाजात सांगितलं. तिथं माझं म्हणणं कोणी खोडून काढलं नाही. उलट एकानं विचारलं, मग माझ्या साल्यालाही सुरतेहून बोलावून घेऊ का? मी म्हटलं, घे बोलावून.

फक्त खात्री करावी म्हणून आमच्या इमारतीत खाली ज्याचं ऑफिस आहे त्या टॅक्सवाल्याकडे गेलो. हा वलसाडचा गुजराती, आमच्याशी तीन भाषांची मिसळ करून बोलतो. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, ‘साहेब, इन्कमटॅक्स तो दिल्लीवाला. त्याला सिल्वासा काय नि शिमला काय.’

मग मला समजावलं. पेट्रोल आणि दारू या वस्तू, त्यांच्यावरचा कर इथला तिथला वेगळा असू शकतो. कारखान्यांची सूट वेगळी होती, तीही केव्हाच संपली. माणसाच्या नफ्यावरचा कर आख्ख्या देशात एकच. मी विचारलं, आणि खानवेलच्या जंगलात जाऊन विकलं तर? तो म्हणाला, रेंज मिळाली तर विका, कर तोच. एवढी नोकरी कर या विषयात काढली आणि शेवटी मुलीच्या वयाच्या माणसापुढे शोभा झाली. वर जिना चढताना मला स्वतःचाच राग आला. टपरीवर सगळ्यांना सांगायला गेलो तेव्हा कळलं की साल्याला फोन झालेला होता.

पण मी काही हार मानणारा नव्हे. रेघ आता लांब गेली होती, समुद्रापलीकडे, एवढंच. मग समुद्रापलीकडे कुठं कुठं काय आहे ते बघायला पाहिजे. मुलगी फक्त दुबई बघतेय, आपण सगळं जग बघू आणि तिला पटवू की कुठलाच देश सोन्याचा नाही. दुरून डोंगर साजरे, हे मला पुराव्यानिशी सिद्ध करायचं होतं. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकमेकांना चिकटवली, बायकोची फूटपट्टी घेतली आणि तक्ता आखला. देश, कर किती, नियम काय, मेख कुठे. रोज सकाळी आंघोळ करून बसायचो. जे समजेना ते खाली टॅक्सवाल्याला विचारायचो. तोही बिचारा चहा पाजायचा.

काय एकेक तऱ्हा आहेत जगात! जर्मनीत कॉइन घेऊन वर्षभर हात लावला नाही तर पुढं कितीही नफ्याला विका, कर नाही. वर्षाच्या आत विकलं तर मात्र भरा. म्हणजे लोणच्यासारखं, मुरू द्यायचं. हे मला फार आवडलं. जपानात हा नफा बाकीच्या कमाईत मिसळतात आणि कमाई मोठी असेल तर निम्म्याहून जास्तही जातो. ते बदलायचं बोलणं चालू आहे म्हणे, पण मी तक्त्यात लाल शाईनं लिहून टाकलं, कारण माझ्या सोयीचं होतं. सिंगापूरला साध्या माणसाच्या अशा नफ्यावर कर नाही, पण तोच धंदा करून बसलात तर आहे. चीनमध्ये व्यवहारालाच बंदी, बोंबलायचं कारणच नाही. अमेरिकेत कर आहे, पण एकातलं बुडालेलं दुसऱ्यातून वजा करू देतात. हे वाचलं आणि मी तो रकाना लहान अक्षरात लिहिला. एल साल्वाडोर नावाच्या चिमुकल्या देशानं तर बिटकॉइन सरळ बाजारातलं चलनच करून टाकलं होतं आणि काही वर्षांनी पाय मागे घेतला, आता दुकानदारावर सक्ती नाही. युरोपात नियमांचं पुस्तक सगळ्यांचं एक, आणि कर ज्याचा त्याचा.

आणि आपल्याकडे? टॅक्सवाला म्हणाला, आपल्याकडे कर पक्का आहे, पण क्रिप्टो कसं चालावं याचा पुरता कायदा अजून नाही. हे ऐकून माझ्यातला नाकेवाला जागा झाला. अहो, हे म्हणजे बाटली नेऊ देणार की नाही ते सांगायचं नाही, पण बुचाचे पैसे आधी घ्यायचे. आमच्या नाक्यावर असं केलं असतं तर साहेबानं मला बांबूलाच बांधलं असतं. रागारागात मी भारताच्या रकान्यात हे जसंच्या तसं लिहिलं आणि मग लक्षात आलं की आपण भारताच्या बाजूचे आहोत. खोडलं.

राहता राहिली दुबई. तिच्यात खोट काढायची म्हणून मी तीन दिवस घालवले. कर नाही म्हणजे मोकाट सोडलंय असं असेल, असं वाटलं होतं. तर तेही नाही. क्रिप्टोच्या धंद्याला परवाना लागतो, जाहिरात कशी करायची याचेही नियम. मी हट्टानं घरभाड्याचा रकाना जोडला, उन्हाळ्याचा जोडला. बायकोनं तक्ता बघितला आणि विचारलं, जर्मनीचा हिवाळा नाही लिहिलात तो? गणिताच्या बाईशी लग्न करू नये माणसानं.

हे सगळं मी रोज संध्याकाळी मुलीला फोनवर ऐकवायचो. ती निमूट ऐकायची, मध्ये मध्ये हसायची. सगळ्यात रंगलो मी पोर्तुगालवर. तिथं आधी साध्या माणसाच्या क्रिप्टोच्या नफ्यावर करच घेत नसत. लोक जगभरातून गोळा झाले, समुद्राकाठी घरं घेतली. मग सरकारनं कायदा बदलला, वर्षाच्या आत विकाल तर कर भरा. मी म्हटलं, बयो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पोर्तुगालला नाही, इथं सिल्वासाला. सूट होती तोवर कारखाने धावत आले. सूट संपली तेव्हा जे फक्त सवलतीसाठी आले होते ते यंत्रं उचलून पुढच्या सवलतीच्या गावाला गेले. ज्यांना खरंच इथं काम करायचं होतं ते राहिले. त्यांच्या शेड आजही चालू आहेत. सवलतीवर भरवसा ठेवून कुठं जाऊ नये. सूट आज आहे, उद्या नाही. माणसानं कामासाठी जावं.

त्या दिवशी ती हसली नाही, ‘पटतंय, बाबा,’ एवढंच म्हणाली. मी बायकोकडे बघून अंगठा वर केला. मारलं मैदान, म्हटलं.

कळवायची मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा ती शनिवारची आली. वापी स्टेशनवर मी तिला घ्यायला गेलो. घरी येऊन हातपाय धुतले, आईनं घावणे केले होते ते नारळाच्या रसाबरोबर पाच खाल्ले, आणि मग मी हॉलच्या भिंतीवर तक्ता लावला. शाळेतल्यासारखा फूटपट्टी घेऊन उभा राहिलो. देशामागून देश सांगत गेलो. ती पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. दोन ठिकाणी तिनं माझी चूक काढली, एका ठिकाणी म्हणाली की हे मलाही ठाऊक नव्हतं. मला बरं वाटलं. शेवटी दुबईशी आलो. कर शून्य, नियम चोख, परवाना सक्तीचा, असं वाचताना माझा आवाज आपोआप बारीक झाला. आयुष्यात नोंदवहीत खोटं लिहिलं नव्हतं, तक्त्यातही लिहिता आलं नाही. एवढी माती उपसून वर दुबईच आली होती.

म्हणून मी शेवटचा बाण काढला. टॅक्सवाल्यानं सांगितलेलं. म्हटलं, पण बघ, तिकडे गेलीस म्हणून लगेच सुटत नाहीस. वर्षातले बहुतेक दिवस बाहेर राहावं लागेल, आणि इथल्या बाजारात घेतलेली कॉइन इथंच विकलीस तर इथला कर लागेल अशीच शक्यता. तेव्हा टॅक्ससाठी जाण्यात काही राम नाही.

ती म्हणाली, ‘बाबा, कॉइन मी विकली. पंधरा दिवस झाले. कर पण भरला, हातात दोन नि कर तीन, तसाच.’

मी फूटपट्टी खाली ठेवली. आनंदच झाला मला, खोटं कशाला बोलू! कारण संपलं होतं, म्हणजे जाणं संपलं होतं. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातला झारा थांबला होता, ते मला ऐकू आलं. मी विचारलं, अगं मग आधी नाही का सांगायचं? मी गरीब इथं जपान करत बसलो.

तिनं पाय खाली घेतले. तुमच्या त्या पोर्तुगालच्या गोष्टीवरूनच विकली, म्हणाली. तुम्ही म्हणालात ना, सवलतीसाठी जाऊ नये, कामासाठी जावं. मग तिनं स्वतःलाच विचारलं म्हणे, की कर इथं भरून टाकला, वाचवायला काही उरलंच नाही, तरी जावंसं वाटतं का? तिथं तिला स्वतःची माणसं निवडून सगळं पहिल्यापासून उभं करायचं होतं. पुण्यात दहा वर्षांनीही मिळाली नसती अशी जागा होती ती.

‘तरी वाटतंय, बाबा,’ ती म्हणाली. ‘टॅक्सचं मी फक्त तुम्हाला सांगायला काढलं होतं. मला जायचंय, असं नुसतं कसं सांगू तुम्हाला?’

महिनाभर आम्ही दोघं जगभरचे कर बोलत होतो. तिला म्हणायचं होतं जाते, मला म्हणायचं होतं जाऊ नको, आणि दोघांनी मिळून बिचाऱ्या जर्मनीला कामाला लावलं होतं. बायको बाहेर येऊन म्हणाली, बोला आता काहीतरी, का अजून एक देश राहिलाय?

तेव्हा मी म्हटलं. कसं म्हटलं देव जाणे. तिच्याकडे न बघता, तक्त्याकडे बघत. ‘मला तू जायला नको होतीस. करमणार नाही मला.’

पोरीचे डोळे भरून आले, नाक लाल झालं, लहानपणी व्हायचं तसं. उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. असं आमच्याकडे कोणी करत नाही. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

जरा वेळानं मी म्हटलं, हे एक वाक्य पहिल्याच दिवशी बोललो असतो तर माझा महिना वाचला असता, कॅलेंडर वाचलं असतं.

‘पहिल्या दिवशी बोलला असतात तर मी राहिले असते,’ ती म्हणाली.

तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं, हिशेब सांगावा तसं नाही, तक्रार करावी तसंही नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मला क्षणभर वाटलं की अजून चार दिवस आहेत, अजून एकदा म्हणून बघावं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. दोन शब्दांचं काम होतं, आणि ती राहिली असती, हे मला आता पक्कं ठाऊक होतं.

‘मग बरं झालं नाही बोललो ते,’ मी म्हणालो.

बोललो तेव्हा मला ते अर्धंच पटलेलं होतं. आता तिला जाऊन आठ महिने झाले, हाताखाली सात माणसं आहेत, फोनवर आवाज नुसता खणखणतो. पाऊण पटलंय.